काटा साठला टेकेपर्यंत

या अंकाच्या संपादकांची गाडी दुरुस्तीला माझ्याकडं असते. ते म्हणाले, नाना, तुमच्या कारकिर्दीवर काहीतरी लिहा. मी म्हणलं, गॅरेजवाल्याला कारकीर्द नसते, हातावर ग्रीस असतं. शिवाय माझं शिक्षण चौथी, त्यातली शेवटची इयत्ता मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललेली. लिहिण्या-वाचण्याचं खातं घरात आमच्या हिच्याकडं होतं. ती सातवी पास. त्या तीन इयत्तांचा तोरा तिनं जन्मभर मिरवला. गेल्या पौषात ती गेली, म्हणून हे मला लिहावं लागतंय. ऱ्हस्व-दीर्घ ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

संपादक असंही म्हणाले की दिवाळीचा अंक आहे, फार रडकं नको. त्यांना सांगितलं, काळजी करू नका, मी रोज संध्याकाळी सहा ते साडेसात रडतो आणि लिहायला सकाळी बसतो.

नाशिकला पेठ रोडवर माझं गॅरेज आहे. पिकअप सोडून दुसरी गाडी मी घेत नाही. पुढं दोन माणसं बसतील अशी केबिन आणि मागं उघडा हौदा, एवढीच ही गाडी. पण आमच्या भागातला टोमॅटो, द्राक्षं, मंडप, म्हैस आणि वेळप्रसंगी नवरदेवसुद्धा तिच्यातूनच जातो. या गाडीचं एक काम मी असं केलं की जे बाकीचे मिस्त्री करत नाहीत. उभी गाडी साठच्या वेगाला पोचायला किती सेकंद घेते, हे मी मोजायचो. गाडी घेताना मोजायचो, आणि मग दर सहा महिन्यांनी.

लोक हसायचे. पिकअप काय शर्यतीला सोडायची आहे का? आहे कुठं शर्यतीला. पण गाडीचा आजार एका दिवसात येत नाही. फिल्टर हळूहळू तुंबतो, क्लच हळूहळू घासतो, एखाद्या चाकाचा ब्रेक गुपचूप धरून बसतो. गाडी रोज थोडी थोडी मंदावते आणि चालवणाऱ्याला कळत नाही, कारण तोही तिच्याबरोबर मंदावतो. घरातलं पोर वाढताना आईबापाला दिसत नाही, त्याला दारावर पेन्सिलीची रेघ मारावी लागते. आमची रेघ म्हणजे सेकंद. मागच्या वेळी बारा लागले आणि आता साडेतेरा लागले, तर दीड सेकंद कुणी खाल्ला ते शोधायचं. चोर सापडतोच.

पहिल्यांदा मी एकट्यानं मोजायला गेलो. मेव्हणा कबड्डीचा पंच होता, त्याचं स्टॉपवॉच आणलेलं. डाव्या हातात ते, उजव्या हातात स्टेअरिंग, एक डोळा मीटरच्या काट्यावर, दुसरा घड्याळावर. रस्त्यासाठी डोळा उरला नाही. गाडी एका माणसाच्या कोबीत गेली. तो माणूस भला होता, त्यानं फक्त माझ्या आईबापाची चौकशी केली.

घरी आल्यावर ही म्हणाली, "उद्यापासून मी बसते शेजारी. तुम्ही रस्त्याकडं बघा, काट्याकडं मी बघते."

एकोणतीस वर्षं ती बसली. पहाटेचा चहा झाला की गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला आम्ही गाडी घेऊन जायचो. ती डावीकडं, पदर खोचून, घड्याळ मुठीत. ती "हं" म्हणायची, मी क्लच सोडायचो. काटा साठला टेकला की "झालं" म्हणायची, मी पाय काढायचो. या दोन शब्दांच्या मध्ये बोलायचं नाही हा तिचा नियम. एरवी दिवसभर तिचं तोंड मिटत नसे, त्यामुळं ते बारा सेकंद मला फार आवडायचे. तिला तसं सांगितलंही होतं. दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.

मीटरकडं मात्र मी कधी बघितलं नाही. कोबीची आठवण होती.

वेळ मोजायची म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. आमचा रस्ता दिसायला सपाट, पण पावसाचं पाणी शहराकडं वाहायचं, म्हणजे उतार होता. म्हणून जाताना एकदा, येताना एकदा मोजायचं आणि मधला आकडा धरायचा. वाऱ्याचंही त्यातच भागतं. उन्हाळ्यात दुपारी गाडी मंद होते, कारण इंजिन हवा खातं आणि तापलेली हवा पातळ असते. म्हणून पहाटच बरी. डिझेलची टाकी किती भरली, टायरात हवा किती, हौद्यात चिखल किती, सगळं बघायचं. आणि एवढं करूनही शंका नको म्हणून गिऱ्हाइकाच्या गाडीआधी आमची स्वतःची जुनी पिकअप मोजायची. ती आमचं माप. तिला नेहमीएवढा वेळ लागला तर दिवस चांगला, नाहीतर दिवसात खोट आहे असं समजून घरी यायचं.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. हरसूलचा एकजण यायचा. त्याची गाडी फक्त बाजाराच्या दिवशी ओढत नसे. मी तीन वेळा मोजली, ठणठणीत. फिल्टर बदलला, डिझेलची लाइन साफ केली, तरी त्याची तक्रार तीच. शेवटी हिनं विचारलं, बाजाराच्या दिवशी मागं माणसं किती असतात? तो म्हणाला, असतील पंचवीसेक, पण ती आपलीच माणसं हायेत काकू. आपल्या माणसांना वजन नसतं असा त्याचा समज होता.

येवल्याच्या एकानं हौसेनं रुंद, उंच टायर बसवले. गाडी सव्वा सेकंदानं मंदावली आणि खापर माझ्या डोक्यावर फोडलं. त्याला समजावलं, मोठं चाक फिरवायला जास्त जोर लागतो, आणि मीटर जुन्या टायरच्या हिशेबानं चालतो, त्याला तुझ्या हौसेचं कुणी सांगितलेलं नाही. त्यानं टायर ठेवले आणि माझ्याकडं येणं सोडलं. रुबाब सेकंदात मोजता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणि एक द्राक्षवाले होते. त्यांच्या केबिनमध्ये संगमरवरी देव्हारा, पितळी घंटा, समई, सगळा संसार. मी म्हणलं, मोजेपर्यंत हे उतरवू. ते म्हणाले, देवाला उतरवून गाडी चालवायची नाही. मी वाद घालणार होतो, पण हिनं वहीत आकडा लिहिला आणि पुढं लिहिलं, 'देवासहित'. पुढच्या सहा महिन्यांनी पुन्हा देवासहित. आकडा जुळला की झालं. देव वाढत नाही, हे तिचं म्हणणं.

तिचं स्वतःचं वजन गाडीत होतंच की. एकदा बाजार समितीत वजनकाट्यावर मी तिला उभी केली. अठ्ठावन्न किलो. मी म्हणलं, वहीत मांडून ठेव, गिऱ्हाइकाची गाडी एकट्यानं किती पळेल याचा अंदाज येईल. ती म्हणाली, "माझं वजन गाडीत धरा, वहीत नको. वही गिऱ्हाईक वाचतं."

तर अशा एकोणतीस वह्या झाल्या. सगळं तिच्या अक्षरात. गाडीचा नंबर, मालकाचं नाव, जातानाचे सेकंद, येतानाचे सेकंद, आणि कडेला तिचा शेरा. 'क्लच.' 'मालक खोटं बोलतो.' 'टायर चांगले, बोलणं वाईट.'

मग साखरेनं तिचं काय काय पोखरलं ते डॉक्टरांनी सांगितलं, मला त्यातलं निम्मं कळलं. जेवढं कळलं ते एवढंच की हे वर्षानुवर्षं चाललेलं होतं. लोकांच्या गाड्या दीड सेकंदानं मंदावल्या की मी ओळखायचो. गॅरेजमागच्या सात पायऱ्या चढायला हिला पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागतोय, हे मात्र मला दिसलं नाही. रोज बघत होतो म्हणून दिसलं नाही. याच्यावर जास्त लिहीत नाही.

तिच्यामागं गॅरेज दोन महिने बंद होतं. कळवणला दिलेली मुलगी म्हणाली, आमच्याकडं चला. चार दिवस गेलो, जावयाच्या मोटारसायकलचा कार्बोरेटर खोलून ठेवला आणि परत आलो.

गॅरेज उघडल्यावर पहिली गाडी पुंजाआप्पाची. हा गिरणाऱ्याचा टोमॅटोवाला, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, शरीरानं माझ्याएवढाच पण आवाजानं तिप्पट. सहामाही मोजणी होती. वहीत हिच्या हातचा शेवटचा आकडा, बारा पॉइंट दोन. मी घड्याळ रबरानं स्टेअरिंगला बांधलं, रिकामा रस्ता बघितला आणि एकट्यानं मोजलं. डावीकडची सीट रिकामी. म्हणजे अठ्ठावन्न किलो कमी, म्हणजे गाडी थोडी लवकर पोचायला पाहिजे. हे गणित मी रस्त्यात केलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. बायको मेल्यावर गाडी हलकी पळते, असलं ज्ञान कुणाला पाहिजे?

पण आकडा आला साडेबारा. हलकी होऊन गाडी मंदावली होती.

मी पुंजाआप्पाला सांगितलं, गाडीला मोठा आजार आहे. फिल्टर काढला, स्वच्छ. टर्बोचा पाइप तपासला, कुठं गळत नाही. चारी चाकं उचलून फिरवली, एकही ब्रेक धरत नाही. क्लच उतरवला, प्लेट चांगली. मग एकच राहिलं. मी म्हणलं, इंजिन खोलू.

पुंजाआप्पा म्हणाला, "नाना, गाडी घाटात मस्त ओढतीये. तिला दुखत नाय अन् तुम्ही पोट फाडायला निघाले."

दुसऱ्या दिवशी तो धाकट्या लेकीला घेऊन आला. वर्षा तिचं नाव, इंजिनिअर आहे, कुठल्याशा कारखान्यात मोजमापाच्या खात्यात. आजी आजी करत हिच्या हातचे लाडू खाऊन मोठी झालेली. ती म्हणाली, इंजिन खोलायच्या आधी तुमची मापाची गाडी मोजू. हे मला सुचायला पाहिजे होतं. सुचलं नाही, कारण हिच्याशिवाय ती गाडी बाहेर काढायला माझं मन होत नव्हतं.

नियमानं मोजायचं तर डावीकडं अठ्ठावन्न किलो पाहिजेत. कांद्याची गोणी भरली, वजन करून सीटवर ठेवली, घसरू नये म्हणून बेल्ट लावला. पुंजाआप्पा बघत होता. एरवी त्यानं शंभर टवाळ्या केल्या असत्या. तो नुसता म्हणाला, "नीट बसलीये गोणी."

वर्षानं फोन स्टेअरिंगमागं मीटरच्या बरोबर समोर चिकटवला. फोन काट्याचं चित्रण करणार आणि त्यातून सेकंद काढायचे. चार फेऱ्या केल्या. मधला आकडा बारा पॉइंट पाच. हिच्या वहीत या गाडीला अकरा पॉइंट आठ होते. पुढं पुंजाआप्पाच्या गाडीतही गोणी ठेवून मोजलं. तिथंही सात दशांशाचाच फरक.

पोरगी हुशार. दोन्ही आकडे बघून हळूच म्हणाली, "नाना, दोन गाड्यांना एकाच मापाचा आजार होत नाही. गाड्या चांगल्या आहेत. फरक वहीत आहे. आजी बटण थोडं आधी दाबत असतील. माणूस आहे, होते घाई."

मी म्हणलं, "तिनं जन्मात कधी भाकरी कच्ची उतरवली नाही. बटण कच्चं दाबेल होय?"

आणखीही बरंच बोललो. ते छापण्यासारखं नाही. पोरीला गॅरेजमधून जा म्हणलं. ती गेली नाही, तिनं आत जाऊन चहा ठेवला. पुंजाआप्पा बापाच्या हक्कानं मला शिव्या देईल असं वाटलं होतं, पण तो फळीवरच्या वह्यांकडं बघत बसला.

मीही बघत होतो. तिनं मागं काय ठेवलं? फोटो आहेत, पण प्रत्येकात तिचे डोळे मिटलेले. दागिने मुलीकडं गेले. तिच्या हातचं, तिच्या डोक्यातलं असं म्हणायला या एकोणतीस वह्याच होत्या. गाडीवाले त्या बघून विश्वास ठेवायचे, की वहिनींनी लिहिलं म्हणजे तसंच. आता तिची घाई होत होती असं ठरलं, तर त्या वह्या रद्दीच्या. आणि तिला विचारायला ती नाही. चहा आला, तो मी घेतला नाही.

मग मला एवढंच वाटलं, की घाई होते का ते तिथं बसूनच बघावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या मापाच्या गाडीत पुंजाआप्पाला चालवायला बसवलं. मी पूर्वी वजनाला जेवढा भरायचो तेवढाच तो आता भरतो. गोणीऐवजी तिच्या सीटवर मी बसलो. आदल्या दिवशी गोणीबरोबर मीही वजनकाट्यावर चढलो होतो, एकसष्ट. तिच्यापेक्षा तीनच किलो जास्त. पौषापासून मीही बराच वाहून गेलोय. वर्षा रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

बसल्याबरोबर खालून काहीतरी टोचलं. सीटची स्प्रिंग तुटलेली. ती एकदा बोलली होती, सीट टोचतीये, आणि मी म्हणलेलं, तीन मिनिटांचं तर बसणं आहे. दुसरं, जाताना ऊन डाव्या काचेतून नेमकं डोळ्यात येतं. तेही मला ठाऊक नव्हतं.

मी "हं" म्हणलं. पुंजाआप्पानं क्लच सोडला. मी काट्यावरून नजर हलवली नाही. चाळीस, पन्नास, पंचावन्न. काटा साठच्या रेघेला बरोबर टेकला आणि मी बटण दाबून म्हणलं, "झालं."

"कुठं झालं नाना? सत्तावन्नवर हाय काटा."

"आंधळा आहेस का? साठला टेकला."

"माझ्या नाकासमोर मीटर हाय. सत्तावन्न."

येताना पुन्हा तेच. त्याच्याकडं सत्तावन्न, माझ्याकडं साठ. मग गाडी साठवर धरून ठेवायला सांगितली. मी माझ्या बाजूनं बघितलं तर काटा साठच्या पुढं गेलेला. तिरका वाकून त्याच्या खांद्याजवळ डोकं नेलं, तसा काटा मागं सरकत साठवर आला. पुंजाआप्पा म्हणाला, लांब व्हा, तुमची दाढी टोचतीये.

घड्याळात मधला आकडा होता अकरा पॉइंट नऊ. माझे तीन किलो जास्त धरले तर तो तिचाच अकरा पॉइंट आठ.

वर्षानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. मला म्हणाली, अंगठा डोळ्यासमोर धरा आणि पलीकडच्या झाडाकडं बघत डोकं डावीकडं न्या. अंगठा झाडाच्या उजवीकडं सरकलेला दिसतो. मीटरचा काटा आकड्यांना चिकटलेला नसतो, थोडा अलीकडं असतो. डावीकडून बघणाऱ्याला तो उजवीकडं, म्हणजे पुढं गेलेला दिसतो. हिच्या जागेवरून साठ लवकरच येतात. रोज, प्रत्येक गाडीत, सात दशांशाच्या आसपास. तिनं कधीच घाई केली नव्हती. तिला जे दिसत होतं ते तिनं बरोबर टिपलं होतं, आणि एकोणतीस वर्षं एकाच जागेवरून टिपलं होतं, म्हणून मागचा आकडा पुढच्याशी जुळायचा आणि चोर सापडायचा.

चूक कुणाची म्हणाल, तर माझी. काटा कुठून बघायचा हे मिस्त्रीनं सांगायचं असतं. मिस्त्री कोबी चुकवत होता. आणि एवढ्या वर्षांत मी एकदाही त्या सीटवर बसलो नव्हतो. बसायचं कारणच काय, गाडी माझी होती ना.

वर्षा म्हणाली, "मी चुकले नाना. आजींचं बटण बरोबर होतं." मग इंजिनिअरच्या जातीला सुटत नाही म्हणून लगेच म्हणाली, की सगळ्या आकड्यांत सात दशांश मिळवून वह्या दुरुस्त करून देते. मी म्हणलं, हात लावायचा नाही. त्यांच्या कडेला 'मालक खोटं बोलतो' असं लिहिलंय, त्यात तू काय मिळवणार?

पुंजाआप्पाच्या इंजिनाला हात लावला नाही. क्लच मात्र फुकट उतरवला म्हणून तो मला प्रत्येक लग्नात चारचौघांत सांगतो.

आता मोजायचं असलं की मी मालकाला गाडी चालवायला लावतो आणि डावीकडं बसतो. काही जणांना म्हाताऱ्याचं खूळ वाटतं. आकडे वहीशी जुळतात, मला तेवढं पुरतं. तिसावी वही माझ्या अक्षरात आहे, त्यामुळं ती गिऱ्हाईक वाचत नाही.

आमच्या मापाच्या गाडीची ती सीट मी त्याच आठवड्यात खोलली, स्प्रिंग बदलायला. कव्हर काढलं तर तुटक्या स्प्रिंगवर जुन्या हिरव्या लुगड्याची चौपदरी घडी, दोऱ्यानं चारी बाजूंनी टाके घालून बसवलेली. तिनं कधी बसवली, मला पत्ता नाही. स्प्रिंग नवी टाकली. घडी झटकली आणि होती तशी परत ठेवून वरून कव्हर शिवलं. वजनात ती पावशेरही नसेल. गाडीत धरली, वहीत लिहिली नाही.